वाई पाहायची तर नदीच्या बाजूनं

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांचा वाईतला एक ठरलेला कार्यक्रम असतो. सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, वाईत गाडी कुठेतरी तिरपी लावायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर एक फोटो काढायचा आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. वीस मिनिटांत वाई ‘झाली’. ज्यांनी अशी वाई पाहिली आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी मुळीच पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, हे लिहितो आहे. मुक्काम एका रात्रीचा धरला आहे. एकच दिवस असेल तर काय गाळायचं तेही पुढे सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. वाईची पाठ रस्त्याकडे आहे आणि तोंड कृष्णेकडे. बाजारपेठेतून चाललात तर ती तालुक्याच्या कुठल्याही गावासारखी दिसेल: मोबाइलची दुकानं, बँका, कोपऱ्यावर वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपा. डाव्या-उजव्या हाताची एखादी बोळ धरून नदीकडे उतरलात की गाव बदलतं. म्हणून इथे देवळांची यादी घेऊन फिरू नका. नदी धरा, देवळं वाटेत येतातच.

कधी यायचं

दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचे महिने सगळ्यात बरे. हवा कोरडी असते, घाटाच्या पायऱ्या उघड्या असतात, सकाळी नदीवर धुकं उतरतं. त्यातही माघ-फाल्गुनात आलात तर कृष्णाबाईचा उत्सव चालू असतो. त्याच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे, कारण वाईला यायचं खरं निमित्त तेच.

पावसाळ्यात वाई फार देखणी असते. सगळे डोंगर हिरवे, पांडवगडाच्या माथ्यावर ढग. पण त्या दिवसांत घाट पाहायला मिळतीलच असं नाही. कृष्णा मोठी झाली की खालच्या पायऱ्या, नदीपात्रातली छोटी देवळं सगळं पाण्याखाली जातं. वर आठ-नऊ किलोमीटरवर धोमचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की वाईत पातळी बघता बघता वाढते. तेव्हा जुलै ते सप्टेंबर या काळात आलात तर वरच्या पायरीवरूनच नदी बघा आणि पोलीस किंवा नगरपालिकेचा माणूस ‘मागं व्हा’ म्हणाला तर हुज्जत घालू नका. पाणी ओसरल्यावरही पंधरा-वीस दिवस दगडांवर शेवाळ असतं. आपटलेले पाहुणे मी दरवर्षी पाहतो, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो.

मे महिन्यात ऊन आहेच, शिवाय महाबळेश्वरच्या गर्दीमुळे शनिवार-रविवारी गावातून गाडी काढणं म्हणजे शिक्षा. मात्र याच महिन्यात इथे वसंत व्याख्यानमाला होते. जुनी परंपरा आहे आणि ऐकायला अजून माणसं येतात. व्याख्यानाची आवड असेल तर ऊन सोसून यावं.

पोचायचं कसं

वाईला रेल्वे नाही. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर आणि साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर अंतर आहे, दोन्हीकडून एसटी चांगली. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरूनच जातात, त्यामुळे ‘वाई’ पाटीचीच गाडी हवी असा हट्ट धरू नका. स्वतःची गाडी असेल तर ती मुक्कामाच्या ठिकाणी लावून टाका आणि गावात विसरून जा. जुन्या आळ्या घोडा आणि बैलगाडी जाईल एवढ्याच रुंद आहेत. तिथे चारचाकी घुसवली की मागे घेताना अख्खी आळी तुम्हाला सूचना करायला बाहेर येते.

मेणवली, धोम, बावधन या गावांना एसटी आहे, वडाप आहे, रिक्षाही ठरवता येते. रिक्षा ठरवताना थांबण्याचा वेळ धरून आधीच बोलून घ्या. मेणवलीत तासभर तरी लागतो.

पहिली पायरी: सकाळी लवकर गणपती आळी

सहा-साडेसहाला बाहेर पडा. चहा नंतर. या वेळी घाटावर आंघोळीला आलेली, अर्घ्य देणारी, नुसतीच पाय सोडून बसलेली गावची माणसं असतात. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात आणि घाटाची जत्रा होते.

ढोल्या गणपतीचं खरं नाव महागणपती. मूर्ती एकाच दगडातली आणि चांगलीच ऐसपैस, म्हणून लोकांनी लाडानं ढोल्या म्हटलं. देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. दर्शन घ्या, आणि मग बहुतेक लोक जे करत नाहीत ते करा. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी, किंवा होडीच्या नाळेसारखी, मध्ये टोकदार होत गेली आहे. देऊळ अगदी नदीकाठी आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा थेट भिंतीवर आदळणार. सपाट भिंत असती तर तिनं सगळा मार छातीवर घेतला असता. या टोकामुळे पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून अधिक वर्षं कृष्णेचे पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे. गवंड्यानं कागदावर गणित मांडलं होतं की नाही कोण जाणे, नदी मात्र त्याला पाठ होती. दहा मिनिटं त्या भिंतीजवळ उभं राहून प्रवाह कुठून येतो ते पाहिलंत की घाटांची सगळी रचना आपोआप कळायला लागते.

शेजारीच काशीविश्वेश्वर. हे थोडं आधीचं, १७५७ मधलं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. इथे नंदीपाशी वेळ काढा. काळ्या दगडाचा, इतका घोटलेला की सकाळच्या तिरप्या उजेडात धातूचा वाटतो. गळ्यातल्या माळा, घुंगरं, पाठीवरची झूल, सगळं दगडात. मुलं बरोबर असतील तर त्यांना घुंगरं मोजायला लावा, तेवढीच मोठ्यांना शांतता. मात्र नंदीवर हात ठेवून, रेलून फोटो काढू नका. पुजारी काही बोलणार नाही कदाचित, पण आजी बोलतील.

रास्ते हे नाव वाईत पावलोपावली भेटेल, त्यामुळे ते एकदा नीट समजून घ्या. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी. माधवराव आणि नारायणराव या दोन पेशव्यांची आई. लेक पेशव्यांच्या घरी गेली आणि तिचे भाऊ सरदार झाले. त्या सरदारकीचा पैसा वाईच्या नदीकाठी दगड होऊन बसला. महालक्ष्मीचं देऊळ, विष्णूचं देऊळ, वाडे हे सगळं याच काळातलं. त्याच्या आधीची, आदिलशाहीतली वाई वेगळी. १६४९ पासून इथला सुभेदार अफजलखान होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे तो याच गावातून गेला. त्या वाईच्या खुणा आज शोधाव्या लागतात. तुम्हाला जी दिसते ती मुख्यतः पेशवाईतली.

महालक्ष्मी आणि विष्णू मंदिरं चालता चालता होतात, त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही.

दुसरी पायरी: सात आळ्या, सात घाट

पाहुण्यांचा इथेच गोंधळ होतो. ‘वाईचा घाट’ असा एक घाट नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशा सात आळ्या, आणि प्रत्येकीचा आपला घाट. आळी म्हणजे वस्ती, आणि वाईत ती नदीशी जोडलेली वस्ती. फोटोत दिसतो तो गणपती आळीचा. बाकीचे सहा तितकेच जुने आणि पुष्कळ शांत आहेत.

नकाशा पाहू नका. गणपती घाटावरून निघा आणि नदीच्या कडेकडेनं जेवढं जाता येईल तेवढं चाला. वाट अडली की वर आळीत या, दोन घरं ओलांडा, पुढच्या बोळातून पुन्हा खाली उतरा. असं दोनतीनदा वर-खाली केलंत की कळेल, इथल्या बोळांना एकच ओढ आहे, पाण्याकडची. कुणाला विचारायचं असेल तर ‘रामडोह घाट कुठे?’ यापेक्षा ‘रामडोह आळीतून घाटावर कुठून उतरायचं?’ असं विचारा. उत्तर पटकन मिळतं.

काय पाहायचं? दगडी पायऱ्यांचे कोपरे पाहा, किती झिजलेत ते. पायऱ्यांमधल्या छोट्या कोनाड्यांतले देव पाहा. पात्रातली लहान शिवालयं पाहा, ज्यांच्या कळसाला पुराच्या पाण्याबरोबर आलेला कचरा अडकलेला असतो. तो यंदाच्या पुराचा हिशेब समजा. घरांच्या जोत्यांकडे लक्ष द्या. जुन्या वाड्यांची जोती घडीव काळ्या दगडाची आणि चांगली उंच आहेत. वरचं बांधकाम पडलं, सिमेंटचं झालं, पण जोतं तेच राहिलं अशी घरं बरीच दिसतील. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरू नका. ती राहती घरं आहेत. दारात कुणी असेल तर नमस्कार करून विचारा. बहुतेक वेळा ‘या की’ असं उत्तर येतं, आणि मग तासाभराची निश्चिंती.

घाटावर बायका धुणं धुतात, कुणी दहाव्याचे विधी करत असतं. ‘दक्षिण काशी’ हे बिरुद वाईला नुसतं शोभेला नाही. क्रियाकर्म चालू असलेल्या जागी कॅमेरा खाली ठेवा आणि लांबून जा. चपला ओल्या पायरीवर घालून उतरण्यापेक्षा हातात घेतलेल्या बऱ्या. पाण्यात उतरायची हौस असेल तर जिथे गावची माणसं उतरली आहेत तिथेच, आणि गुडघ्याच्या वर नको. रामडोह या नावातला ‘डोह’ कुणी उगाच ठेवलेला नाही.

पाणी पूर्वीसारखं निर्मळ नाही हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात प्रवाह थांबल्यासारखा होतो, जलपर्णी दिसते, निर्माल्य तरंगतं. मधूनमधून गावातली माणसं एकत्र येऊन घाट साफ करतात. तुम्ही आणलेली पाण्याची बाटली परत नेलीत तरी त्यांचं एक काम वाचेल.

तिसरी पायरी: गंगापुरी, पुस्तकांसाठी

देवळांत रस नसलेल्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला ते हे गाव. कार्यालय गंगापुरीत आहे. मुंबई-पुणे सोडून एवढं मोठं काम या तालुक्याच्या गावात का आलं, याचं उत्तर त्याच आळीतल्या प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ही पाठशाळा चालवली. जुनी शास्त्रं शिकवायची पण डोळे मिटून नाही, अशी तिची रीत. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये विनोबा इथे शिकायला येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले आणि पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. धर्मकोशाचं प्रचंड कामही इथलंच. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला.

इथे ‘बघण्यासारखं’ फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. तिकीट नाही, गाइड नाही, दालनं नाहीत. कार्यालयीन वेळेत जा, आधी विचारा, कामात असलेल्या माणसांचा वेळ खाऊ नका. पण अकरावी-बारावीला विश्वकोशातून निबंध उतरवलेल्या कुणालाही त्या दारासमोर उभं राहिल्यावर थोडं बरं वाटेल. गावात लोकमान्य टिळकांच्या नावाचं जुनं ग्रंथालय आहे. दुपारच्या उन्हात वर्तमानपत्र चाळत बसायला त्यासारखी दुसरी जागा नाही.

चौथी पायरी: मेणवली, दुपार उतरल्यावर

एकच दिवस असेल तर गंगापुरी गाळा, धोम गाळा, पण मेणवली गाळू नका. वाईपासून तीनेक किलोमीटर आहे. पायांत जोर असेल तर चालत जाता येतं, उसाच्या आणि हळदीच्या रानांतून. चारच्या सुमाराला पोचा. वाडा बंद व्हायच्या आत तो पाहून होतो आणि घाटावर उतरतं ऊन मिळतं.

१७६८ मध्ये औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी हे गाव नाना फडणविसांना इनाम दिलं. नानांनी इथे वाडा, घाट आणि देवळं बांधली. पेशवाईची दौलत ज्या माणसाच्या लेखणीवर तोलून धरली होती त्याचं हे खासगी ठिकाण. वाडा सहा चौकांचा. भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आहेत, काही पुसट, काही अजून ठसठशीत. त्यांना हात लावू नका आणि फ्लॅश मारू नका. लाकडी जिने अरुंद आणि चढे आहेत, डोकं सांभाळा. छताची कडीपाट पाहा, चौकातली हवा पाहा. मे महिन्यातसुद्धा आत गार असतं, आणि पंखा नसताना ते कसं जमवलं हे चौकात पाच मिनिटं बसलं की समजतं. नानांचे कागद याच वाड्यात होते. ते ‘मेणवली दप्तर’ या नावानं अभ्यासकांना ठाऊक आहेत, आणि इतिहासकार द. ब. पारसनीसांमुळे ते जगापुढे आले.

वाडा खासगी मालकीचा आहे. त्यामुळे तो रोज, सगळ्या वेळी, सगळा उघडा असेल असं धरून चालू नका. कधी शूटिंग असतं, कधी दुरुस्ती. निघण्यापूर्वी वाईत तुम्ही उतरला असाल तिथल्या माणसाला ‘वाडा उघडा आहे का हो सध्या?’ एवढं विचारा. बंद असला तरी घाट कुणी बंद करू शकत नाही.

घाट मात्र वाईच्या सगळ्या घाटांहून वेगळा. पायऱ्या सरळ रेषेत नाहीत, चंद्रकोरीसारख्या वळून नदीला कवेत घेतात. वरती मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, मोठी झाडं, आणि पाण्याचा फारसा आवाज नाही. चित्रपटवाल्यांनी हा घाट इतक्यांदा वापरला आहे की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं होतं.

मेणेश्वराजवळ टांगलेली घंटा नीट, जवळ जाऊन पाहा. ती देवळाची घंटा नाही. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल कोरलं आहे, १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या देवळादेवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली. खणखणीत आवाजाच्या माणसाला अजून तेच नाव मिळतं. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. मेणवलीची त्यांच्याच कुळातली. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता, ते १७४२ चे. म्हणजे लूट एका पिढीची आणि ती टांगली दुसऱ्या पिढीनं. मेरीचं चित्र कुणी घासून काढलं नाही, हे मला दर वेळी पाहावंसं वाटतं. घंटा वाजवू नका. बरोबरच्या पोरांना आधीच बजावा, कारण त्यांचा हात तिथे शंभर टक्के जाणार.

अंधार पडायच्या आत परत निघा. संध्याकाळी वडाप विरळ होतं.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवशी धोम

नदीच्या वरच्या अंगाला आणखी गेलात की धोम. धौम्य ऋषींचं नाव गावाला जोडलेलं आहे. बहुतेक लोक धरण बघायला जातात. धरण ठीक आहे, पण गावातलं नरसिंह आणि शिवाचं देऊळ त्याहून पाहण्यासारखं. इथला नंदी जमिनीवर बसलेला नाही. तो दगडी कासवाच्या पाठीवर आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहत असल्यासारखं दिसतं. कुंड कोरडं असेल तेव्हा ती कल्पना तुम्हालाच करावी लागते. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर पाणी मिळण्याची शक्यता जास्त. कालच्या वाईच्या नंदीची आठवण ताजी असतानाच हा पाहिला की दोन कारागिरांची डोकी किती वेगळी चालत होती ते दिसतं. एकाला कातीव तपशिलाची हौस, दुसऱ्याला गंमत करायची.

इथे तासभर पुरे.

वेळ उरला तर

लोहाऱ्याजवळ पालपेश्वराची बौद्ध लेणी आहेत. लहान आहेत, अजिंठ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण वाई ही पेशव्यांपासून सुरू होत नाही, हे कळायला उपयोगी. महामार्गाच्या पलीकडे, चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकली आहे. तिथल्या भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, मांडून ठेवले आहेत. वीरगळ कसा वाचायचा ते आधी समजून घ्या. खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. खालून वर वाचायचा. एकदा जमलं की प्रत्येक दगडाशी थांबावंसं वाटतं. स्वतःची गाडी असेल तर किकली परतीच्या वाटेवर धरा.

शाहीर साबळे ज्या पसरणीचे, ते गाव वाईला लागूनच आहे, घाट सुरू होण्याआधी. पांडवगड आणि वैराटगड हे दोन्ही गड चढायचे असतील तर त्यासाठी वेगळा दिवस काढा. घाट आणि गड एकाच दिवसात कोंबलेत तर दोन्हीकडे फक्त घाम येईल.

रंगपंचमीला आलात तर बावधनला बगाड असतं, म्हणजे नवसाचा गाडा ओढण्याची जत्रा. वाईपासून पाचेक किलोमीटर. होळीला भैरवनाथापुढे कौल लावून बगाड्या ठरतो. नवस बोललेल्यांमधून एकाची निवड होते. मग कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत तो अवाढव्य लाकडी गाडा बैलांच्या जोड्या बदलत बदलत ओढतात आणि वर उंच शिडाला, म्हणजे लांब लाकडी खांबाला, बगाड्या बांधलेला असतो. गर्दी लाखात मोजावी अशी. लहान मुलांना नेऊ नका. बैलांच्या वाटेत, म्हणजे गाड्याच्या पुढच्या अंगाला, कधीही उभं राहू नका. बैल उधळतात. शेताच्या उंच बांधावर जागा धरा आणि तिथून हलू नका. गाडी वाईतच ठेवा, रस्ते बंद असतात.

शेवटची पायरी: कृष्णाबाई

नदीला बाई म्हणणारं गाव आहे हे. कृष्णाबाई. अफजलखानाचं संकट टळावं म्हणून इथल्या एका शास्त्र्यानं कृष्णेला नवस बोलला, आणि तो फळला म्हणून उत्सव सुरू झाला, असं सांगतात. माघ-फाल्गुनात सातही आळ्यांत एकामागून एक तो होतो. एका आळीचा संपला की पुढच्या आळीचा. ज्या आळीची पाळी तिच्या घाटावर मांडव पडतो, देवी तिथे बसते, कीर्तनं होतात, ओट्या भरल्या जातात, प्रसादाच्या पंगती बसतात. एरवी शांत असलेला तोच घाट त्या दिवसांत ओळखू येत नाही.

पाहुण्यांसाठी यात तीन गोष्टी. पहिली, तिथी. आळीनुसार तारखा वेगळ्या आणि इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे निघण्याआधी पंचांग उघडा किंवा वाईतल्या ओळखीच्या माणसाला विचारा. दुसरी, पंगत. ‘बसा जेवायला’ म्हटलं तर ते औपचारिक नसतं. बसा. पानात वाढलेलं टाकू नका आणि उठताना जमेल तेवढी देणगी पावती घेऊन द्या. कुणी मागणार नाही, म्हणूनच द्या. ओटी भरायची असेल तर ब्लाउजपीस, नारळ, तांदूळ बाजारात सहज मिळतात. प्लॅस्टिकची पिशवी मात्र देवीपुढे नेऊ नका आणि नदीत तर मुळीच सोडू नका. तिसरी गोष्ट, मुक्काम. या दिवसांत माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला गेलेली घरं उघडतात, लॉजच्या खोल्या लवकर भरतात. वाईत मिळाली नाही तर पाचगणीला खोली घेऊन रोज पसरणीचा घाट उतरायचा बेत करू नका. कीर्तन उशिरापर्यंत चालतं आणि रात्रीच्या धुक्यात तो घाट नवख्यानं चढण्यासारखा नाही. त्यापेक्षा साताऱ्याला राहा.

आणि वाईत उतरल्यावर पहिल्या चहावाल्यालाच विचारून टाका, ‘कृष्णाबाई आज कुठल्या घाटावर?’ तो हातातलं गाळणं तसंच धरून आळी सांगेल, बोळ सांगेल, आणि बहुतेक वेळा आज प्रसादाला काय आहे तेही सांगेल.